भरल्या पोटाचा मासा

"मासे कुठं हाईत तुझे?" अण्णांनी दारातूनच विचारलं.

पहाटेची एस.टी. धरून ते इचलकरंजीहून पुण्याला आले होते, न कळवता. मागे दादा उभा होता. दोघांनी प्रयोगशाळेच्या बाहेर चपला काढून ठेवल्या होत्या आणि देवळात शिरावं तसे अनवाणी आत आले होते.

"अण्णा, आधी चपला घाला. फरशीवर काचेचे तुकडे असतात."

"असू देत. मासे दाखव."

दादा माझ्याकडे बघत नव्हता. त्यावरून मी ओळखलं की घरात काहीतरी ठरलंय, आणि तेही दादाला न विचारता ठरलंय. आमच्याकडे गोष्टी ठरायच्या त्या अशाच. अण्णांचं यंत्रमागाच्या सुट्ट्या भागांचं दुकान होतं आणि माल स्वतः हातात घेऊन बघितल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कधी ऑर्डर दिली नव्हती. दादाचं लग्नसुद्धा त्यांनी मुलगी तीनदा बघून ठरवलं होतं. दादाला तिच्याशी बोलायला मिळालं ते साखरपुड्यात.

त्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. सुमेधा वहिनी पहिल्या बाळंतपणाला मिरजेला माहेरी गेल्या आणि त्यांना मुलगी झाली. बाळ चांगलं साडेसहा पौंडांचं, रडणारं, दूध ओढणारं. पण डोळे नव्हते. पापण्या होत्या, पापण्यांच्या आत काही नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, डोळा हा मेंदूतूनच बाहेर फुटतो, तेव्हा मेंदूही एकदा तपासून घ्यायला हवा. पण त्यासाठी बाळाला भूल द्यावी लागेल, म्हणून थोडं मोठं होऊ दे. एवढंच ते म्हणाले होते. अण्णांच्या दुकानात चहाला बसणाऱ्या शहाण्यांनी त्याचं पुढचं शेपूट लावलं. डोळा मेंदूतून येतो, डोळा नाही, म्हणजे मेंदूच नाही. पोर वाढेल, पण नुसती पडून राहील.

बारावा दिवस बारसं न करताच उलटून गेला. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. मी रजा टाकून तयार होते, पण मला कुणी बोलावलंच नाही. आईने फोनवर हळू आवाजात कुठल्याशा संस्थेचं नाव घेतलं. अशी मुलं तिथे कायमची ठेवून घेतात म्हणे. मग कुणीतरी अण्णांना आठवण करून दिली की तुमची पोरगी पुण्यात माशांवरच शिकते ना, आंधळ्या? तोवर अण्णांनी माझ्या कामाची कधी चौकशी केली नव्हती. गावात त्यांनी 'मासे' एवढंच सांगितल्यामुळे लोक मला दिवाळीत रोहूचा भाव विचारायचे.

मी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. खालच्या काचेच्या बशीत दोन प्रकारची पिल्लं होती, तांदळाच्या कणीएवढी. सगळी एकाच आईबापांची. त्यातली बहुतेक चांगल्या डोळ्यांची, पण साधारण चौथा हिस्सा डोळे नसलेली. डोळस पिल्लं फिकट दिसतात, आंधळी काळपट. भोवती उजेड आहे हेच कळत नसल्याने अंगाचा रंग फिका करायचं त्यांच्याकडून राहून जातं.

अण्णा बराच वेळ बघत होते. एका हाताने त्यांनी टेबलाची कड धरली होती.

"ही पांढरी पळत्यात. काळी पडून हाईत."

"हो."

"पुढं काय हुतं ह्यांचं?"

मी खोटं बोलू शकले असते. पण अण्णांना माल विकताना कुणी खोटं बोललं तर त्यांना ते लगेच कळायचं.

"आठवडा-दहा दिवसांत मरतात."

"का?"

"खात नाहीत."

अण्णांनी मान वर केली. त्यांनी दादाकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "ऐकलंस?"

"अण्णा, थांबा," मी म्हणाले. "पूर्ण ऐकून घ्या. कणकेचा उंडा असतो बघा. त्यातून दोन छोटे गोळे बाजूला काढायचे, ते डोळ्यांसाठी. उरलेल्या उंड्याचा पुढचा मेंदू. ह्या माशांत ते दोन गोळे काढायचेच राहून जातात. पण कणीक कुठे जात नाही. ती उंड्यातच राहते. ह्यांचा पुढचा मेंदू इतरांपेक्षा जरा मोठाच भरतो. मी स्वतः मोजलाय."

"मोठा?"

"हो. मागे जिथे नजरेचं काम चालतं तो भाग तेवढा बारीक राहतो, कारण त्याला डोळ्यांकडून काही येतच नाही. पण मेंदू नाही असं नाही."

"मग एवढा मोठा मेंदू घेऊन पडून का हाईत?"

मी बशीच्या कडेवर टिचकी मारली. काळी पिल्लं पांढऱ्यांइतक्याच झपाट्याने वळून पळाली.

"बघितलंत? त्यांना कळतं."

"दचकली," अण्णा म्हणाले. "टिचकी मारली की कुणीबी दचकतंय. खाणं म्हणजे अक्कल. जे खात न्हाई त्याला मी काय म्हणू?"

"बाळ खातंय की, अण्णा." दादा पहिल्यांदाच बोलला. आवाज इतका बारीक होता की अण्णांनी तो ऐकला नसावा, किंवा ऐकून सोडून दिला.

मला राग आला. अण्णांवर आला, दुकानातल्या शहाण्यांवर आला, आणि दादावर तर सगळ्यात जास्त. त्या रागातच मी बोलून गेले. "आम्ही ह्यांना भरवून कधी बघितलंच नाही, अण्णा. ह्यांच्या मेंदूचे पातळ काप घेऊन तपासायचे असतात, ह्यांना जगवायचं नसतं. त्यांना जमेल तसं खायला घातलं तर खातील."

"घालून दाव की मग."

"दाखवते."

"रविवारी मी मिरजेला जाणार," अण्णा उठत म्हणाले. "एक जरी खाऊन जगला तर बारसं. न्हाईतर त्या संस्थेत बोलून येतो. तिथली माणसं काय वाईट न्हाईत."

जाताना दादाने सूक्ष्मदर्शकाकडे पाठ फिरवली. त्याने शेवटपर्यंत त्यातून बघितलं नाही.

दोघे गेल्यावर मी देऊस्कर मॅडमच्या खोलीत गेले. मॅडम माझ्या मार्गदर्शक, बोलायला धारदार. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पद्मजा, तू माशांवर पैज लावलीस?"

"हो."

"ह्या माशांत एक जनुक बिघडलंय. तुझ्या भाचीचं कशामुळे झालं हे कुणालाच माहीत नाही. मासा जगला तरी तिच्याबद्दल काही सिद्ध होत नाही, मेला तरी होत नाही. कळतंय ना तुला?"

"मला कळतंय. अण्णांना कळत नाही."

"मग अण्णांना ते सांगायचं होतं."

त्यांचं बरोबर होतं आणि त्याचा मला काही उपयोग नव्हता. मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "एक बशी घे. बाकीची कापांसाठी राहू देत. आणि खरंच, त्यांना कुणी कधी भरवलं नाही, हे मलाही आजवर सुचलं नव्हतं."

माझी झोप उडाली. आमच्याकडे पिल्लांना खायला म्हणजे बारीक पूड द्यायची रीत होती. ती पाण्यावर तरंगते, डोळस पिल्लं ती बघून वर येतात आणि टिपतात. आंधळ्यांच्या बशीतही आम्ही तीच पूड तशीच टाकायचो आणि नंतर वहीत लिहायचो, खात नाहीत. जेवण माडीवर मांडायचं आणि खालच्या माणसाला हाकसुद्धा मारायची नाही, असा तो प्रकार होता.

मग मी गव्हाच्या दाण्यांच्या पाण्यात वाढवलेले जिवंत सूक्ष्म जीव आणले. पूड तरंगते, हे मात्र पाण्यात सगळीकडे फिरतात. बशीत पाणी अगदी कमी ठेवलं आणि जीव इतके दाट सोडले की पिल्लाने तोंड उघडलं तर काहीतरी आत जावंच. पहिल्या दिवशी कुणी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी तीन पिल्लं मेली.

त्याच दुपारी अण्णांचा फोन आला. प्रयोगशाळेच्या बोळात एकच फोन होता आणि सगळ्यांना सगळं ऐकू जायचं.

"खाल्लं?"

"अजून नाही."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या 'बरं'मध्ये मला संस्थेचं फाटक दिसलं.

पुढच्या दिवशी पुन्हा फोन. "किती राहिली?"

"निम्मी."

"पाणी गार हाय काय तिथलं?"

"नाही अण्णा, गरम ठेवतो आम्ही."

"उपाशी जीव गारठतंय लवकर," अण्णा म्हणाले. नंतर जरा थांबून, "तू जेवलीस?"

मी जेवले नव्हते. दर मेलेल्या पिल्लामागे मला मिरजेचं ते घर दिसायचं. कुणी मला विचारलं असतं की कशाची भीती वाटतेय, तर मी सांगितलं असतं की माझ्या भाचीला तांदळाच्या कणीएवढ्या माशाने वाचवावं अशी सोय मीच करून ठेवली आहे, आणि मासा तर मरतोय.

शुक्रवारी सकाळी मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तशीच थांबले. एक पिल्लू बशीच्या कडेला होतं. ते पोहत नव्हतं, पण मान किंचित हलवत होतं, आधी डावीकडे, मग उजवीकडे. एक जीव त्याच्या ओठाला लागला. पिल्लाने तोंड पुढे करून तो आत घेतला. मग दुसरा घेतला. ह्यांचं अंग काचेसारखं असतं, आतलं सगळं दिसतं. त्याचं पोट गढूळ होतं, गोल होतं, भरलेलं होतं. रात्रभर ते खात असावं.

मी मॅडमना ओढत आणलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हा तर चांगला खादाड आहे." मग त्या पुन्हा बघायला बसल्या आणि उठेचनात.

त्या दिवशी मीच दुकानात फोन लावला. "अण्णा, खाल्लं."

पलीकडे यंत्राचा खडखडाट ऐकू येत होता. अण्णांनी कुणाला तरी ओरडून तो बंद करायला लावला. "काय म्हणालीस?"

"एकाने खाल्लं. पोट भरून."

"तुला कसं कळलं पोट भरलं?"

"पोट दिसतं, अण्णा. आरपार."

ते म्हणाले, "आजबी घाल. भरपूर घाल. कमी पडू देऊ नको."

मी भरपूर घातलं, हात सैल सोडून घातलं. शनिवारी सकाळी बशीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं आणि त्याला वास येत होता. उरलेले जीव मरून पाणी नासलं होतं. बाकीची तर आधीच मेली होती, आता ते खाणारं पिल्लूही तळाशी आडवं पडलं होतं. त्याचं पोट अजूनही भरलेलं होतं.

मी ती बशी हातात घेऊन तिथेच फरशीवर बसून रडले. त्यात लाजण्यासारखं काही होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

रविवारी मी मिरजेला पोहोचले तेव्हा अण्णा आणि दादा आधीच येऊन बसले होते. वहिनींच्या माहेरची बाहेरची खोली, समोर चहाचे कप, त्यावर साय धरलेली. वहिनींचे आईवडील एका कोपऱ्यात अवघडून बसले होते. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

मी उंबऱ्यातच होते तेवढ्यात अण्णांनी विचारलं, "जगला?"

"नाही."

दादाने डोळे मिटून घेतले. वहिनींच्या आईने पदर तोंडाशी नेला.

"मी सांगते ते ऐका," मी म्हणाले. बसमध्ये मी काय काय रचलं होतं, त्यातलं काहीच तोंडात आलं नाही. "तो खात होता. मरेपर्यंत खात होता. मी जास्त घातलं आणि पाणी नासलं. तो उपाशी मेला नाही, अण्णा, माझ्या हातून मेला. आणि जगला असता तरी बाळाबद्दल त्यातून काही कळलं नसतं. मॅडमनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मासा वेगळा आणि बाळ वेगळं. पैजच चुकीची होती."

अण्णा जमिनीकडे बघत होते. आता उठतील आणि त्या संस्थेत जातील, असं मला वाटलं. मी दार अडवून उभी राहिले. वडिलांना अडवायची ती माझी पहिलीच वेळ.

"म्हणजे त्याचं काय चुकलं नव्हतं," अण्णा शेवटी म्हणाले.

"काहीच नाही."

"घालणाऱ्यालाच जमलं न्हाई."

"नाही जमलं."

त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. पुसायला उगाचच जास्त वेळ लावला. "मी रोज दुकानात बसून इचार करतोय, त्यो माशाचा पोरगा आज जेवला असंल काय. तीस वरसांत कधी गिऱ्हाइकाचा बी एवढा इचार केला न्हाई." मग दादाकडे वळून मोठ्याने म्हणाले, "अजित, ऊठ. घुगऱ्या, पेढे, काय लागतं ते आण. पद्मा आलीय. आजच बारसं उरकू."

दादा खरंच उठला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं हसू आलं होतं की मला ते बघवेना.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. सुमेधा वहिनी बाळाला खांद्यावर टाकून उभ्या होत्या. केस विस्कटलेले, डोळे लाल. त्या शांत होत्या, आणि तो शांतपणा मला आवडला नाही.

"बसा तुम्ही," त्या दादाला म्हणाल्या. दादा बसला.

"सुमेधा," अण्णा म्हणाले, "ऐकलंस ना? बारसं करायचं ठरलं."

"ऐकलं. सगळंच ऐकलं. आठवडाभर ऐकतेय, माझी मुलगी घरी यायची की नाही ते पुण्यात बशीत ठरतंय म्हणून." मग त्या माझ्याकडे वळल्या. "वन्सं, तुम्ही तिच्या बाजूने भांडत होतात, हे मला माहीत आहे. पण एक फोन इकडे केला असतात, तर ती काय करते ते मी सांगितलं असतं. माझ्या चालण्याचा आवाज आला की ही रडायची थांबते. माझ्या आईच्या पावलांना नाही थांबत. हे बघायला कुणी एस.टी. धरून आलं नाही."

मी दारातून बाजूला झाले.

"झालं गेलं," अण्णा म्हणाले. "आता बारसं..."

"बारसं झालं, अण्णा. बाराव्या दिवशीच झालं. आत्या आली नाही, म्हणून मीच तिच्या कानात नाव सांगितलं."

अण्णा वहिनींकडे बघत राहिले. दुकानात, घरात, व्याह्यांकडे, त्यांच्याशी असं कुणी बोललेलं मी बघितलं नव्हतं. "काय ठेवलंस नाव?"

"तुम्हाला सांगायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही," वहिनी म्हणाल्या. "इतके दिवस तुम्ही ठरवत होतात. आता थोडं मला ठरवू द्या."

आणि दार लोटून त्या आत गेल्या.

आता अण्णा ताडकन उठून एस.टी. स्टँडची वाट धरतील, अशी माझी खात्री होती. ते उठले, पण बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. दुपारची गाडी गेली. वहिनींचे वडील जेवायला बोलवायला गेले तर 'भूक न्हाई' म्हणाले. दादा दोनदा आतल्या दारापाशी गेला. पहिल्यांदा परत आला. दुसऱ्यांदा आत गेला आणि तिथेच राहिला.

उन्हं उतरल्यावर वहिनी बाहेर आल्या. सरळ पायरीपाशी गेल्या आणि काही न बोलता बाळ अण्णांच्या मांडीवर ठेवलं.

"मानेखाली हात धरा. मला अंघोळीचं पाणी काढायचंय."

अण्णांनी हात धरला. यंत्रमागाचे जड भाग सहज उचलणारा तो हात इतका ताठरला होता की मला वाटलं बाळाला टोचेल. बाळ कुरकुरलं. अण्णांनी मांडी हलवून बघितली, तोंडाने चुकचुक केलं. ते 'ए' म्हणाले, मग 'ए बाई' म्हणाले. बाळ जोरात रडायला लागलं.

मी पुढे झाले तर त्यांनी मान हलवून मला मागेच थांबवलं. मग न्हाणीघराच्या दिशेने तोंड करून ते बोलले. आवाज दुकानदाराचा नव्हता, कुठल्याही पैजेचा नव्हता.

"सुमेधा, रडायला लागलीय गं. हिला काय म्हणून हाक मारू मी?"

आत पाण्याचा आवाज थांबला.

"अनघा म्हणा," वहिनी आतून म्हणाल्या. "जरा मोठ्याने म्हणा. तिला ऐकू येतं."